माझा उतारा, सेल्माचं नाव

वाढायच्या वयात सगळेच वाढतात असं नाही. माझं चौथीनंतर शाळेत जाणं बंद झालं, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि पुढं आधी सासूनं, मग नवऱ्यानं, मग मुलानं ठरवायचं आणि मी करायचं, असं पन्नास वर्षं चाललं. एकटीनं बसमध्ये बसणं, मनाला येईल ती वस्तू विकत घेणं, अनोळखी माणसाशी भांडणं, आणि चूक केल्यावर ती माझी आहे असं चारचौघांत म्हणणं, ही सगळी मोठं होण्याची कामं. ती मी केली सहासष्टाव्या वर्षी, ब्राझील नावाच्या देशात. त्यामुळं माझ्या घडण्याची गोष्ट सांगायची तर माझ्या गावची, दारव्ह्याची, सांगून भागत नाही, तिथली सांगावी लागते.

नवरा वारला त्याच्या दुसऱ्या वर्षी गजाननानं मला नेलं. गजानन माझा एकुलता एक, ओतकाम करणाऱ्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता आणि कंपनीनं त्याला तिकडं पाठवलं होतं. गावात लोक म्हणाले, पोरगा असावा तर असा, आईला विमानातून नेतो. पोराला त्याची पोरगी सांभाळायला घरचं माणूस पाहिजे होतं. हे लोकांनाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, पण विमानाचं नाव निघालं की माणसं सोयीचं तेवढंच बोलतात. आजही दारव्ह्याच्या बाजारात एखादी विचारते, काकू, ब्राझीलमध्ये समुद्र कसा होता, नाचणाऱ्या बाया पाहिल्या का? मी सांगते, मी पाहिल्या त्या बाया पहाटे साडेपाचला डबा घेऊन कारखान्याच्या बसची वाट पाहत उभ्या असायच्या. त्यातली एकही नाचत नव्हती.

गावाचं नाव ज्वाँविली. कारखान्यांचं गाव. कुठं लोखंड ओततात, कुठं फ्रिजचे भाग बनतात, कुठं प्लास्टिकचे पाइप. बाकी वेळ पाऊस. आमच्याकडं पाऊस आला की लोक आभाळाकडं पाहतात, तिथं पाऊस थांबला की पाहायचे. गजाननाच्या साहेबानं त्याला आधीच सांगितलं होतं की मोठ्या शहरात राहिलास तर पगार घरभाड्यात जाईल, इथं राहा, इथं स्वस्ताई आहे. स्वस्ताई खरीच होती. केळी तर पडेल भावात. पण तिथं भाड्यानं घर घ्यायचं म्हणजे जामीन राहणारा माणूस लागतो, तोही स्वतःचं घर असलेला. परक्या देशातून आलेल्याला जामीन कोण राहणार? गजानन आणि त्याची बायको वैशाली दोन महिने वणवण फिरले. शेवटी दोना मार्लेने नावाच्या बाईनं जामिनाशिवाय घर दिलं. दोना म्हणजे आपल्याकडं बाई म्हणतात तसं. घरातून तिच्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, असा वैशालीचा नियम होता. मी मराठीत काढायचे, मार्लेनेला कुठं कळणार होतं.

एकाच आवारात तीन घरं. रस्त्याच्या बाजूला दोना मार्लेनेचं टाइलवालं घर, मधे आमच्या दोन खोल्या, आणि अगदी मागं, भिंतीला टेकलेलं, सेल्माचं. फाटक एक, पाण्याची टाकी एक, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या मात्र तिघींच्या तीन. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग शेजारच्या बेकरीतून पावाचा वास यायचा, मग गॅसच्या टाक्यांची गाडी बाजा वाजवत गल्लीतून जायची. तिच्यामागून अंड्यांची गाडी, तिच्यावर भोंगा, आणि भोंग्यातून एक माणूस अंडी असल्याचं असं ओरडून सांगायचा की जणू कोंबडी त्याचीच सख्खी बहीण. रविवारी दोना मार्लेने जायची त्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या हॉलमधून ढोल आणि गाणी. हे सगळं मी खिडकीतून महिनाभर ऐकलं. मग मला खिडकीचा कंटाळा आला आणि मी बाहेर पडले.

पासष्टीच्या वरच्यांना तिथं बस फुकट. ओळखपत्र दाखवायचं आणि बसायचं. मी नातीला, ओवीला, बालवाडीत सोडायचे आणि मिळेल त्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसनं परत यायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठं आहे हे कोणालाच माहीत नसायचं. एकदा चुकले आणि कारखान्यांच्या मागच्या वस्तीत उतरले. तिथं एका दुकानात हाताच्या खुणांनी केळफूल मागितलं. दुकानदार पोट धरून हसला, कारण तिथं ते फेकून देतात. त्यानं मागच्या अंगणातून तीन तोडून दिली, फुकट. घरी आल्यावर गजाननानं मला एवढं झापलं की मला माझी सासू आठवली. केळफुलाची भाजी मात्र त्यानं दोनदा घेतली.

सेल्माची ओळख केळफुलामुळंच झाली. मी आवारात बसून ते सोलत होते, तेलाचा हात आणि पायांशी पसरलेला पेपर. ती येऊन बघत उभी राहिली, मग बसली, मग सोलायला लागली. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, काळीभोर, रुंद, आणि हसली की आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा. चिकन भरलेले तळलेले गोळे करायची आणि कारखान्याच्या फाटकावर विकायची. त्या घरात ती नऊ वर्षं राहत होती, कारण फाटक तिथून पाच मिनिटांवर. गोळे गरम पोचले तर विकले जातात, गार झाले तर कामगार नाक मुरडतात. तिचा सगळा संसार त्या पाच मिनिटांवर उभा होता.

मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नाही. आम्ही रोज दोन तास बोलायचो. ती तिच्या भाषेत, मी वऱ्हाडीत. ती तिच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल सांगायची, हे मला तिच्या नाक मुरडण्यावरून कळायचं, आणि मी माझ्याबद्दल सांगायचे. एकदा मी तिला हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. तिनं चमचा भरून तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी काढलं, मला बऱ्याच शिव्या दिल्या आणि वाटी घेऊन गेली ती परत दिली नाही. तिनं मला कंदाचं भाजलेलं पीठ खायला शिकवलं, ते लोक भातावर आणि राजम्यासारख्या काळ्या शेंगदाण्यांवर, म्हणजे शेंगदाणे नव्हेत, घेवड्याच्या दाण्यांवर टाकून खातात. लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं लागतं. सवयीनं आवडतं. माणसाला सवयीनं नवराही आवडतो.

शुक्रवारी सेल्मा पांढरेशुभ्र कपडे घालायची. तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एका फळीवर मूर्ती, कवड्या, पाण्याचा पेला आणि मेणबत्ती. महिन्यातून दोन वेळा ती गावाबाहेर त्यांच्या पूजेला जायची. तिथं ढोल वाजतात आणि बायांच्या अंगात येतं, असं वैशालीनं मला मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, "त्यात काय? आपल्याकडं नाई येत का? माह्या मोठ्या जावेच्या अंगात दर नवरात्रात यायचं, अन् बरोबर मी भाकरी थापायला बसली की यायचं."

"आई, हळू बोला," वैशाली म्हणाली. "मार्लेनेला हे अजिबात चालत नाही. त्यांच्या हॉलमध्ये सांगतात, हे सैतानाचं काम आहे म्हणून."

"मंग भाडं कायले घेते तिचं?"

वैशालीनं भांडी आवरायला घेतली. तिला बी.कॉम.मध्ये ते शिकवलं नव्हतं.

तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराला, ओवीला ताप आला. चार वर्षांची पोर. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं खुर्चीतून उठून पोरीला नीट तपासलं, औषध दिलं, पैसे घेतले नाहीत. ताप उतरायचा आणि चढायचा. तीन दिवस झाले. वैशाली रडकुंडीला आली. मला आठवलं की ताप यायच्या आदल्या दिवशी बसमध्ये एका बाईनं ओवीचे केस हातात घेऊन खूप वेळ कौतुक केलं होतं. मी देवाबिवाच्या फार नादी लागत नाही. नवस केले ते फुकट गेले, केले नाहीत ते घडलं. पण नजर वेगळी. नजर लागते, यात देवाचा काही संबंध नाही.

रविवारी भर दुपारी बारा वाजता मी उतारा काढला. गजानन जादा कामावर, वैशाली पोरीजवळ झोपलेली, दोना मार्लेने तिच्या हॉलमध्ये. केळीचं पान होतंच. मूठभर भात घेतला, अर्ध्याला हळद लावली, अर्ध्याला कुंकू. लिंबू चार फाका करून. भोंगेवाल्याच्या गाडीचं एक अंडं. एक लाल मिरची. कोळसा पाहिजे, तो घरात नव्हता. दोना मार्लेनेच्या दारात मांस भाजायची शेगडी होती, तिच्याखालच्या पोत्यातला एक तुकडा घेतला. पणती नव्हती, म्हणून दिवे जातात तेव्हासाठी ठेवलेली मेणबत्ती लावली. झोपलेल्या पोरीवरून सात वेळा उतरवलं आणि गल्लीच्या टोकाला चार रस्ते मिळतात तिथं नेऊन ठेवलं. जाताना कोणाशी बोलायचं नाही, ठेवल्यावर मागं वळून पाहायचं नाही. मी दोन्ही पाळलं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. परत येऊन हातपाय धुतले आणि मस्त झोपले.

संध्याकाळी ओवीनं खिचडी मागितली. ताप औषधानं उतरला. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मधे आपलं एक काम करून ठेवलं की बरं वाटतं.

आता दुसऱ्या बाजूला काय झालं ते मला सोमवारी कळलं. दोना मार्लेने प्रार्थना करून तिच्या छोट्या गाडीतून घरी येत होती, आणि चौकात गाडीचं चाक बरोबर माझ्या अंड्यावरून गेलं. खाली उतरून पाहते तर केळीचं पान, लाल-पिवळा भात, लिंबू, कोळसा आणि जळती मेणबत्ती. तिथं सेल्माच्या पूजेचे लोकही चार रस्त्यांवर असाच नैवेद्य ठेवतात, त्यातही मेणबत्ती असते. दोना मार्लेने घरी आली, पाहुण्यांना घेऊन दुपारभर शेगडीवर मांस भाजून खाल्लं, आणि रात्रभर तिला उलट्या झाल्या. एवढं मांस माझ्या बैलानं खाल्लं असतं तरी तो ओकला असता. पण तिला पोट दिसलं नाही, अंडं दिसलं.

वैशाली कामावरून आली ती दारात चपला काढायच्या विसरून तशीच आत आली. "सेल्मानं जादू केली म्हणते मार्लेने. चौकात भात, अंडं, मेणबत्ती. शनिवारपर्यंत घर खाली कर म्हणाली तिला. हॉलच्या लोकांना पण सांगितलं, गल्लीत कोणी तिला घर देणार नाही आता."

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. गजाननानं माझ्याकडं पाहिलं. पोटचं पोर, आईचा चेहरा ओळखतं.

"माय."

"काय?"

"ते तू त नाई ठेवलं ना?"

"मंग कोण ठेवीन? पोरीले तीन दिवस ताप होता."

गजानन ताडकन उठला. खिडकी बंद केली, जणू मार्लेनेला वऱ्हाडी समजते. "कोणाले सांगू नको. आयकून राह्यली का? हे घर गेलं त आपल्याले जामिनाबिगर कोणी उभं नाई करत. दोन महिने आम्ही कुत्र्यासारखे फिरलो. तू चूप बस."

"अन् सेल्मा?"

"सेल्मा इथलीच हाये. तिले मिळन कुठं ना कुठं."

"कुठं मिळन? तिचे गोळे गार नाई होनार?"

"माय, गोळ्यायचं मले नको सांगू!"

मी चूप बसले. हे लिहायला मला काही वाटत नाही, कारण चूप बसायची मला सवय होती, आणि ही सवय मला गावातच लागली होती. मी नवी लग्न होऊन आले होते तेव्हा आमच्या गावाच्या टोकाला सखू नावाची एक एकटी बाई राहायची. कोणाच्या म्हशीचं दूध आटलं, कोणाचं पोर दगावलं, की सखूनं करणी केली. तिला विहिरीवर भरू देत नसत. एकदा आमच्या गायीला वासरू मेलेलं झालं. मी आदल्या दिवशी गायीला सडका कडबा घातला होता. सासूनं विचारलं, कोण आलतं गोठ्यात? मी म्हटलं, सखू आलती. ती आली नव्हती. त्या पावसाळ्यात सखू गाव सोडून गेली. कुठं गेली, जगली की मेली, कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मला तेव्हा सतरावं होतं. लहान होते असं म्हणून सोडून देता येतं. पण सहासष्टाव्या वर्षी काय म्हणायचं?

मंगळवारी मी सेल्माकडं गेले. ती गोळे वळत होती, खोकी भरून ठेवली होती, भांडी पेपरात गुंडाळलेली. माझ्याकडं तिनं पाहिलं, हात धुतले, आणि फळीवरून एक कागद काढून उघडला. आत माझी लाल मिरची. चौकातला पसारा दोना मार्लेनेनं तिलाच झाडायला लावला होता. सेल्मानं माझ्या हळदीच्या बरणीकडं, म्हणजे मी तिला दिलेल्या बरणीकडं, बोट दाखवलं, मग मान हलवली. त्यांच्या नैवेद्यात हळद-कुंकू नसतं. भात पाहताक्षणीच तिला कळलं होतं की हे कोणाचं काम आहे. रविवारपासून तिला माहीत होतं, आणि तिनं तोंड उघडलं नव्हतं. आता तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि आमच्या घराकडं, ओवीच्या वाळत घातलेल्या फ्रॉककडं हात केला. मग खांदे उडवले. त्या उडवण्याचा अर्थ मला नीट कळला. नऊ वर्षं त्या आवारात नळ गळला तरी तिचंच नाव येत होतं, त्यात आणखी एक.

मला रडू आलं असं लिहिलं तर छान दिसेल. आलं नाही. मला राग आला. माझ्यावर कोणी न विचारता उपकार केला की मला राग येतो. ही बाई माझी चूक डोक्यावर घेऊन घर सोडणार, आणि मी मागं तिच्या दोरीवर आमचे कपडे वाळत घालणार. मी तिला वऱ्हाडीत म्हटलं, "तू कोन लागून गेली माह्या पापाची वाटेकरीण?" तिनं मला एक गरम गोळा दिला.

शुक्रवारी दुपारी आवारात प्रार्थना ठेवली होती. दोना मार्लेने, तिच्या हॉलमधल्या तीन बाया, आणि त्यांचे महाराज, त्यांना पास्तोर म्हणतात, उन्हाळ्यातही कोट घालणारा सभ्य माणूस. ते लोक फाटकाला प्रार्थना म्हणून मंतरलेलं तेल लावत होते, सेल्माच्या दाराकडं हात करून जोरजोरानं प्रार्थना म्हणत होते. सेल्मा आत खोकी बांधत होती. गजानन दोनला पाळी संपवून घरी येत होता, तो निळ्या ड्रेसमध्ये फाटकातून आत शिरला आणि मान खाली घालून घराकडं निघाला.

मला त्यांची भाषा येत नव्हती. सांगून पटवता येणार नव्हतं. वैशालीनं सांगावं तर गजानन तिला सांगू देणार नव्हता. मग राहिलं काय? करून दाखवणं. मी ताटलीत मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या घेतल्या, बाहेर आले, गजाननाचा दंड धरला आणि त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"माय, काय करून राह्यली?"

"चूप बस. बाप गेल्यापासून तुही नजर कोणी काढली नाई म्हणून अक्कल नाई आली."

चाळीस वर्षांचा मिशीवाला माणूस, कारखान्याच्या बुटात, आणि मी त्याच्यावरून मूठ ओवाळतेय, आल्यागेल्याची, घरच्यादारची, काळ्यागोऱ्याची, सगळ्यांची नजर मोठ्यानं काढतेय. प्रार्थना थांबली. पास्तोरचा हात हवेतच राहिला. सात वेळा झाल्यावर मी दोना मार्लेनेच्या शेगडीपाशी गेले. त्या दुपारच्या जेवणाचे निखारे राखेखाली होते, ते फुंकले, आणि मूठ त्यावर टाकली.

आमच्याकडं असं म्हणतात की मिरच्या जळून ठसका लागला नाही तर नजर जबर होती. त्या दिवशी नजर अजिबात नव्हती. पहिला पास्तोर खोकला. मग तिघी बाया. मग दोना मार्लेने दोन्ही हातांनी तोंड धरून भिंतीला टेकली. गजानन खुर्चीत बसून खोकत होता आणि शरमेनं लाल झाला होता, यातलं कोणतं कशामुळं ते सांगता येत नाही. सेल्मा दारात आली, तिनं एकदा धूर पाहिला, एकदा मला, आणि डोक्याला हात लावला.

मी घरातून केळीचं पान आणलं, त्यावर भात ठेवला, हळद ठेवली, अंडं ठेवलं. चौकाकडं बोट केलं. मग माझ्या छातीवर हात मारला. त्यांच्या भाषेतला मी म्हणण्याचा शब्द मला बसमध्ये कळला होता. तो तीन वेळा म्हटला. "एऊ. एऊ. एऊ." मग सेल्माकडं बोट करून नाही म्हणायचा शब्द. एवढीच माझी भाषा, पण आवारात सगळ्यांना समजली.

मग वैशाली बाहेर आली, शुक्रवारी ती कामावरून लवकर सुटायची. मला वाटलं ती मला आत ओढेल. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनं त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं, ताप, नजर, उतारा, आणि हे सेल्माचं काम नाही. मधे ती खोकत होती. गजानन तिला थांबवायला उठला आणि तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तो बसला. मी त्या दिवसापासून वैशालीला नावं ठेवायची कमी केली. बंद केली नाहीत.

दोना मार्लेने बराच वेळ बोलली. वैशालीनं मला त्यातलं एका वाक्यात सांगितलं: सेल्मा राहिली तरी चालेल, आम्ही महिनाअखेर निघायचं. सेल्माची माफी तिनं मागितली नाही. पास्तोर मात्र जाताना सेल्माच्या दारापाशी थांबला, काहीतरी हळू बोलला आणि तिच्याकडून पाणी मागून प्याला. ठसका लागला होता म्हणून असेल. मी त्याचे गुण मोजत बसत नाही.

सगळ्यांत जास्त कोण चिडलं असेल तर सेल्मा. ती संध्याकाळी आमच्या घरात शिरली आणि मला अर्धा तास बोलली. वैशाली भाषांतर करायची थांबली, म्हणाली, "आई, हे मला सांगता येत नाही." मला ते तसंही कळत होतं. मी केलेलं सगळं झाकायला ती पाच दिवस गप्प राहिली आणि मी ते एका मुठीत उडवलं, आता पोरीला घेऊन कुठं जाणार? मीही तिला वऱ्हाडीत तेवढंच बोलले. मग आम्ही दोघींनी ओवीचं ताट वाढलं.

घर तिनंच शोधलं. तिच्या पूजेतल्या एका म्हाताऱ्याचं, ओतकामाच्या कारखान्याच्या अगदी मागं. जामीन नको, भाडं आणखी कमी. कमी का, ते गेल्यावर कळलं. दोरीवर पांढरं धुणं घातलं तर संध्याकाळी राखाडी निघायचं. मी तिथं पुढं अडीच वर्षं राहिले. आजही माझ्या त्या वेळच्या लुगड्यांना झटकलं तर काळी भुकटी पडते, असं मी दारव्ह्यात सांगते. तसं काही नाही, पण ऐकणाऱ्याला आवडतं.

गजानन आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसायचा, ताट पुढं सारायचा, उठायचा. मीही विचारलं नाही. महिनाअखेरीला भाड्याचा ट्रक आला. सेल्मानं गॅसची टाकी एकटीनं उचलून चढवली, गजाननाला हातही लावू दिला नाही, आणि कारखान्याचा भोंगा झाला तशी गोळ्यांची टोपली घेऊन पळत गेली. निरोपबिरोप काही नाही. गोळे गरम होते.

ओवी आणि वैशाली ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी आणि गजानन मागच्या सीटवर, मधे माझं मिक्सरचं खोकं. ट्रक गल्लीतून बाहेर पडला. गजानन खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "माय."

आठ दिवसांनी पहिला शब्द.

"काय?"

"नव्या घरी पोरीची नजर काढायची असन त घरात काढ. ते बाहेर टाकायचं माह्याजवळ दे. मी कामावर जाता जाता टाकत जाईन."

"कुठं टाकशीन?"

त्यानं मधलं मिक्सरचं खोकं सरळ केलं. "जिथं आपण भाड्यानं राहत नाई तिथं."

पुढं बसलेली वैशाली एवढी हसली की ड्रायव्हरनं विचारलं काय झालं. तिनं त्याला त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. त्यानं आरशातून एकदा माझ्याकडं पाहिलं, कपाळाला आणि छातीला हात लावून क्रूसाची खूण केली, आणि रेडिओ मोठा केला.